पाणी आणि दगड: जलरंगातल्या निसर्गचित्रावर अभिप्राय देताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाई-मेणवलीचे घाट, निघोजचं कुकडीचं पात्र, गावाबाहेरचा एखादा ओढा. अशा ठिकाणी बसून केलेली चित्रं माझ्याकडे येत असतात आणि चित्रांमागोमाग प्रश्न येतात. काही प्रश्न चित्र काढणाऱ्यांचे, काही दुसऱ्याच्या चित्राबद्दल काय बोलावं हे न सुचणाऱ्यांचे. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी घेतलेत, अडचणीचे नंतर.

१. समोर चित्र आलं की सुरुवात कुठून करायची? रंगांपासून की रचनेपासून?

आधी जवळून बघूच नका. चित्र भिंतीला टेकवा, आठ-दहा फूट मागे जा आणि डोळे किलकिले करा. बारकावे विरतात आणि नुसते गडद-फिकट पॅच उरतात. सगळ्यात उजळ जागा कुठे आहे, सगळ्यात गडद कुठे आहे आणि नजर पहिल्यांदा कुठे गेली, एवढंच बघा. चित्र मोबाइलवर आलं असेल तर ते कृष्णधवल करून बघितलं तरी हे काम होतं.

मग जवळ या आणि दगड पाण्याला जिथे टेकतो त्या कडेकडे बघा. मी तिला पाणरेषा म्हणतो. पाणी-दगडाचं चित्र जमलं की फसलं हे निम्म्याहून जास्त तिथेच ठरतं, असं माझं ठाम मत आहे. आकाश कच्चं राहिलं, मागची झाडं ढोबळ झाली, तरी निभावतं. पाणरेषा फसली की दगडाचं वजन जातं आणि पाण्याचा ओलावाही जातो.

२. माझं चित्र बघून सगळे म्हणतात, "दगड तरंगतोय." म्हणजे नेमकं काय चुकलंय?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून एका चित्रावरूनच सांगतो.

फेब्रुवारीत एका ताईंनी मेणवलीच्या घाटावर केलेलं चित्र आणलं. पाव इंपीरियल कागद, म्हणजे ११ × १५ इंच. सकाळचं ऊन डावीकडून, समोर कृष्णेच्या पात्रात तीन धोंडे, मागे घाटाच्या पायऱ्या. ऊन सुरेख पकडलं होतं, रंग ताजे होते. पण मधला धोंडा पाण्यात बसला नव्हता, पाण्यावर आणून ठेवल्यासारखा दिसत होता. भिंग घेऊन बघत बसलो तेव्हा एकेक कारण हाती लागलं.

पहिलं कारण आकाराचं. ताईंनी धोंडा आधी लाडवासारखा पूर्ण गोल काढला होता आणि मग भोवती पाणी भरलं होतं. पाणी तर दगडाला आडवं कापतं. पाण्याची पातळी सपाट असते, त्यामुळे समोरून दिसणारी खालची कड जवळजवळ आडवीच येते. दगड कुठे आपल्याकडे पुढे आला असेल, कुठे मागे गेला असेल, तेवढाच तिच्यात चढउतार. बटाट्याच्या बुडासारखी गोलाई आली की दगड टेकलेला वाटतो, बुडालेला वाटत नाही.

दुसरं, दगड आणि पाणी यांच्यामध्ये केसाएवढी पांढरी फट होती. रंग एकमेकांत पळेल या भीतीने बहुतेक जण ती ठेवतात. ताईंनीही तसंच सांगितलं. ती फट लांबून उजेडाच्या रेघेसारखी दिसते आणि दगडाला पाण्यापासून सुटा करते.

तिसरं, त्यांनी नंतर फट झाकायला रिगर ब्रशने (लांब केसांच्या बारीक ब्रशने) सगळीकडे एकसारखी गडद रेघ मारली होती. खऱ्या दगडाची पाणरेषा कधीच एकसारखी नसते. कपारीत ती काळीभोर असते, जिथे पाणी दगडावर किंचित चढतं तिथे चकाकता दोरा दिसतो आणि जिथे दगड व त्याचं प्रतिबिंब एकाच छटेचे असतात तिथे ती चक्क हरवते. ती हरवलेली जागा फार मोलाची असते. तिथे बघणाऱ्याची नजर दगडावरून आपोआप पाण्यात उतरते.

शेवटचं कारण म्हणजे धोंडा वरपासून खालपर्यंत सारखाच कोरडा होता. पाण्यालगतचा वीतभर पट्टा हेलकाव्यांनी भिजलेला असतो, तो जास्त गडद हवा (का, ते प्रश्न ४ मध्ये).

ताईंनी तिथेच दुसऱ्या कागदावर तो एकच धोंडा परत केला. दगडाचा पायथा ओलसर असतानाच एक-दोन ठिकाणी पाण्याचा वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) त्याला भिडू दिला, रंग थोडा पळाला तो पळू दिला आणि वाळल्यावर फक्त दोन कपारींत गडद लावला. धोंडा बसला. सारं काम दहा मिनिटांचं होतं.

३. आपला दगड काळाच असतो ना? मग काळा रंग लावला तर हरकत काय?

आपला दगड म्हणजे बेसॉल्ट. दख्खनच्या पठारावर साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत, त्यांचा. आपण त्याला काळा कातळ म्हणतो आणि या शब्दानेच घात होतो, कारण हात आपोआप काळ्या ट्यूबकडे जातो. मार्चच्या उन्हात कोरड्या कातळाकडे नीट बघा. वरची पाठ राखाडी-तपकिरी असते आणि पुष्कळदा शेजारच्या पाण्यापेक्षा उजळ असते. सावलीची बाजू जांभळट दिसते, शेवाळाच्या जागा हिरवट, आणि काही ठिकाणी गारगोटीसारखे पांढरे ठिपके असतात.

बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन यांच्या मिश्रणातून हे सगळे करडे निघतात. एकाचं प्रमाण वाढवलं की ऊन, दुसऱ्याचं वाढवलं की सावली. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा फुकटात मिळतो. काळ्या ट्यूबने दगड एकदम सपाट होतो, कोळशासारखा.

कोकण-गोव्याच्या चित्रात ही मिश्रणं जशीच्या तशी नेऊ नका. तिथला जांभा तांबडा असतो आणि भोकाभोकांचा असतो. त्याची ओली छटा जवळजवळ काजूच्या भाजलेल्या टरफलासारखी होते.

४. ओला दगड जास्त गडद का दिसतो? आणि कधी तोच पांढरा का चमकतो?

कोरड्या दगडाच्या खडबडीत पृष्ठभागावरून उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून तो फिकट दिसतो. त्यावर पाण्याचा पातळ थर आला की दगडाकडून परत निघालेला बराचसा उजेड त्या थराच्या आतल्या बाजूला आपटून पुन्हा दगडावर येतो. दरवेळी थोडा उजेड दगड पिऊन टाकतो. म्हणून छटा गडद होते आणि रंगही जास्त भरीव दिसतो. चित्रात नुसतं काळपट करू नका, ओल्या पट्ट्यात रंग वाढवा.

चमकण्याची गोष्ट वेगळी. पाण्याचा थर गुळगुळीत असतो, त्यामुळे ठराविक कोनात तो आकाश आरशासारखं दाखवतो. म्हणजे एकाच ओल्या दगडावर सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ छटा शेजारी शेजारी येऊ शकतात. कोणी तसं रंगवलं असेल तर "इथे ओला, इथे कोरडा कसा?" असं विचारण्याआधी त्या उजळ तुकड्याची कड बघा. कड तीक्ष्ण असेल आणि रंग आकाशाच्या जवळचा असेल तर ते चकाकणं आहे, आणि चित्रकाराने नीट पाहिलंय.

५. मी पाणी निळं केलं नाही, तर लोक विचारतात "हे पाणी आहे का?" काय उत्तर देऊ?

पाण्याचा रंग तुम्ही कुठून बघता यावर ठरतो. सरळ खाली बघितलं तर पाणी जेमतेम २ टक्के उजेड परतवतं, बाकीचा आत जातो, म्हणून पायाशी तळ दिसतो. नजर जसजशी तिरपी होते तसतसा आरसा वाढतो. काठावर बसल्यावर तुमचा डोळा पाण्यापासून साधारण एक मीटर उंच असेल, तर पावणेदोन मीटरवरच्या पाण्यातून सुमारे ६ टक्के उजेड परततो आणि पावणेसहा मीटरवरच्या पाण्यातून सुमारे ३५ टक्के. म्हणून जवळचं पाणी तळाच्या रंगाचं दिसतं, तपकिरी, शेवाळी, कधी मातीचं, आणि लांबचं पाणी आकाशाच्या किंवा पलीकडच्या झाडीच्या रंगाचं.

अभिप्राय देताना निळा आहे की नाही हे विचारू नका. जवळपासून लांबपर्यंत पाणी बदलतं का, ते विचारा. पुढून मागपर्यंत एकच सपाट निळा वॉश असेल तर ते पाणी नसून उभी भिंत वाटते. माझ्याकडे येणाऱ्या चित्रांत पाणरेषेखालोखाल ही चूक दिसते.

६. पाण्याखालचे दगड दाखवायला गेलो की सगळा चिखल होतो. कसे दाखवावेत?

पाण्याबाहेरच्या दगडात जेवढा छायाप्रकाश असतो, त्याच्या निम्माही पाण्याखाली दाखवू नका. सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ या दोन्ही टोकांच्या छटा बुडालेल्या दगडाला वर्ज्य. कडा मऊ ठेवा. आधी तळाचे दगड ओल्यावर ओले (ओल्या कागदावरच ओला रंग) टाका, पूर्ण वाळू द्या, मग पारदर्शक रंगाचा एकच वॉश रुंद ब्रशने एका दमात फिरवा. दुसऱ्यांदा घासलं की खालचा रंग उठतो आणि चिखल होतो.

निघोजला कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात अडकलेल्या दगडगोट्यांनी वर्षानुवर्षं घासून बेसॉल्टमध्ये कोरलेले खोल रांजण. या अभ्यासाला त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. एकाच खळग्यात कोरडी कड, ओली भिंत, पाण्याखालची हिरवट भिंत आणि मधोमध आकाशाचा तुकडा असं सगळं हातभर जागेत दिसतं. तिथली चित्रं बघताना मी एकच तपासतो: भिंत पाण्यात शिरताना तिचा रंग बदलतो, पण तिचा उतार तुटत नाही ना? कडेजवळ जपून बसा, कातळ निसरडा असतो.

७. प्रतिबिंब दगडापेक्षा गडद हवं की फिकट?

सर्वसाधारणपणे उजळ वस्तूचं प्रतिबिंब तिच्यापेक्षा थोडं गडद दिसतं, कारण पाणी सगळा उजेड परतवत नाही. गडद वस्तूचं प्रतिबिंब थोडं फिकट दिसतं, कारण त्यात पाण्याचा स्वतःचा उजेड मिसळतो. दोन्ही टोकं एकमेकांकडे सरकतात असं लक्षात ठेवलं की पुरे.

अडचण लांबीची असते. प्रतिबिंब दगडाएवढंच उंच हवं, असा हट्ट बरेच जण धरतात. दगड सरळ उभा असेल तरच ते खरं. आपल्याकडे झुकलेल्या दगडाचं प्रतिबिंब दगडापेक्षा लांब दिसतं, मागे रेललेल्या दगडाचं आखूड. पाण्यावर बारीक लाटा असतील तर ते आपल्या दिशेने आणखी ताणलं जातं. प्रतिबिंबात दगडाची खालची बाजूही दिसते, जी आपल्याला थेट दिसत नाही. म्हणून वरचा दगड उलटा करून खाली छापल्यासारखं चित्र असेल तर ते तिथे बघून केलेलं नसतं.

८. पाण्यावर सावली पडते का? आमच्यात यावरून वाद झालाय.

दोन्ही बाजू बरोबर असू शकतात. स्वच्छ पाण्याच्या पृष्ठभागावर सावली जवळजवळ पडत नाही, ती तळावर पडते. जानेवारीच्या नितळ ओढ्यात दगडाची सावली तळाच्या वाळूवर, दगडापासून सरकलेली दिसते. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की त्यातले मातीचे कण उजेड अडवतात आणि सावली जमिनीवर पडावी तशी पाण्यावर पडते. वाद मिटवायचा तर आधी चित्र कोणत्या महिन्यातलं ते विचारा.

प्रतिबिंब नेहमी दगडाच्या सरळ खाली, आपल्या दिशेने येतं. सावली सूर्याच्या उलट दिशेला जाते. दोन्ही एकाच दिशेने, एकाच रंगात केले असतील तर तो दोष नक्की सांगा.

९. फेसासाठी पोस्टर पांढरा वापरला तर चित्र अशुद्ध होतं का? मास्किंग फ्लुइड (कागद पांढरा राखायला आधी लावायचं आणि वाळल्यावर काढून टाकायचं द्रव) चालतं का?

कागदाचा पांढरा राखण्याची शिस्त मला प्रिय आहे, पण तिचा सोवळेपणा करू नये. जॉन सिंगर सार्जंट या अमेरिकन चित्रकाराने आल्प्समध्ये सिंप्लॉन खिंडीतल्या ओढ्यांची आणि दगडांची जलरंगचित्रं केली. पारदर्शक रंगांच्या जोडीला अपारदर्शक पांढरा आणि रंग अडवायला मेण, हे दोन्ही त्याच्या जलरंगांत सापडतं. ती चित्रं कोणाला अशुद्ध वाटत नाहीत.

पांढरा कुठून आणला यापेक्षा तो कसा दिसतो ते तपासा. मास्किंग फ्लुइड काढल्यावर राहणारी कड कात्रीने कापल्यासारखी असते. उसळून फुटलेल्या थेंबाला ती शोभते, पण विरत जाणाऱ्या फेसाला ओल्या ब्रशने एक बाजू मऊ करून घ्यावी लागते. पोस्टर पांढरा पातळ करून पसरला तर खडूसारखा दिसतो. घट्ट आणि मोजकाच लावा. वाहत्या पाण्याच्या चकाकीसाठी खरखरीत कागदावर जवळजवळ कोरडा ब्रश आडवा ओढला तर याहून सुंदर दुसरं काही नाही.

१०. "रंग मळलाय" म्हणजे नक्की काय? पावसाळ्यातली नदी तर मळकीच असते.

नदीचा गढूळपणा आणि रंगाचा मळकेपणा यांत फरक आहे. श्रावणातली तांबूस-तपकिरी कृष्णा एका ताज्या वॉशमध्ये काढली तर रंग गढूळ असूनही कागद आतून उजळतो. रंग मळतो तो अर्धवट वाळलेल्या थरावर पुन्हा ब्रश फिरवल्याने, चार-पाच रंग एकत्र कालवल्याने किंवा भांड्यातलं पाणी न बदलल्याने. ओळखायचं असेल तर चित्र उजेडाकडे तिरपं धरा. मळलेली जागा मेलेली आणि घासलेली दिसते, कधी कागदाचे तंतूही उठलेले असतात.

फुलकोबीसारखे डाग पडले असतील तर अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये जास्तीचं पाणी शिरलेलं असतं. आकाशात ते खुपतात. ओल्या कातळावर मात्र कित्येकदा शोभतात, तिथे ते दोषात धरू नका.

११. कागदाचा दोष आणि हाताचा दोष कसा वेगळा करायचा?

चित्र सपाट टेबलावर ठेवा. कागद लाटांसारखा फुगला असेल आणि रंग खोलगट भागांत साचला असेल तर दोष पातळ कागदाचा. ३०० ग्रॅमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) सुती कागद महाग आहे हे खरं, पण पाण्याच्या चित्राला दोन-तीन ओले थर सोसावे लागतात. शाळेच्या ड्रॉइंग पेपरवर ते होत नाही. अशा कागदावर केलेलं चित्र आलं तर मी थरांबद्दल बोलत नाही. रचना आणि छायाप्रकाश एवढ्यावरच बोलतो.

१२. फोटोवरून केलेलं चित्र ओळखू येतं का? आणि ते कमी दर्जाचं मानायचं का?

बहुधा ओळखू येतं. सावल्या एकदम काळ्या, आकाश कोरं पांढरं, पुढचा दगड भलताच मोठा, कारण मोबाइलची लेन्स रुंद असते. पाणी दुधासारखं, धुक्यासारखं वाहत असेल तर तो फोटो जास्त वेळ शटर उघडं ठेवून काढलेला. डोळ्याला वाहतं पाणी तसं कधी दिसत नाही.

कमी दर्जाचं मानू नका. गुडघे दुखतात म्हणून घाट उतरू न शकणारी माणसं असतात, परदेशात बसून गावाची नदी काढणारी असतात. त्यांना एवढंच सांगा, की एक दगड घरी परातीत पाण्यात ठेवून खिडकीशी बसून काढा. पाणरेषा तिथेही दिसते.

१३. शिकायला कोणाची चित्रं बघावीत?

पाण्यासाठी प्र. अ. धोंड. कोकणच्या समुद्रकिनाऱ्याची त्यांची जलरंगचित्रं बघताना काय काढलंय त्यापेक्षा काय सोडलंय ते मोजा. मोठा ओला वॉश, त्यात नेमके चार स्ट्रोक आणि किनारा ओला. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तलावाच्या परिसरात एकाच पाण्याकडे पुन्हा पुन्हा बघितलं. एकच जागा वेगवेगळ्या वेळी काढण्याची सवय त्यांच्याकडून घ्यावी. मूळ चित्र बघायला मिळालं तर छापील प्रतीवर समाधान मानू नका, छपाईत फिकट वॉश पहिल्यांदा मरतात.

१४. नवख्या माणसाला किती बोलावं? आणि वयाने मोठ्या माणसाला?

एका बैठकीत एकच मोठा दोष आणि तो सुधारायचा एकच उपाय. सुरुवातीच्या काळात मी एका निवृत्त काकांना त्यांच्या चित्रातले दोष एकामागोमाग एक मोजून दाखवले होते. सगळे खरे होते. काकांनी पॅड मिटलं आणि चार महिने आले नाहीत. ते माझं चुकलं, आणि अजूनही मला त्याची बोच आहे. त्यांच्या चित्रात डाव्या कोपऱ्यात एका ओल्या दगडाची कड अप्रतिम हरवली होती आणि मी ती बघितलीही नव्हती.

तेव्हापासून मी आधी जमलेल्या जागेवर बोट ठेवतो आणि ती का जमली ते सांगतो. "छान आहे" म्हणून कोणाचं काही होत नाही. "काका, या दगडाच्या उजव्या बाजूला तुम्ही कड सोडून दिलीत, म्हणून तो पाण्यात बसलाय. डावीकडेही तसंच करून बघा," असं म्हटलं की माणूस लगेच ब्रश उचलतो. कोणी अभिप्राय मागितलाच नसेल तर बोलू नका.

१५. छायाप्रकाश बरोबर, पाणरेषा बरोबर, तरी चित्र निर्जीव वाटतं. अशा वेळी काय सांगायचं?

हे सगळ्यात कठीण. माझ्या अनुभवात बहुतेकदा सगळे दगड सारख्या काळजीने काढलेले असतात. सारख्या आकाराचे, सारख्या अंतरावर, प्रत्येकाला ऊन, सावली, ओला पट्टा, प्रतिबिंब. प्रत्यक्ष नदीत दोन दगड एकमेकांना खेटून असतात, एक जवळजवळ पूर्ण बुडालेला असतो, त्याचं नुसतं डोकं ओलं चमकत असतं आणि मग बराच वेळ नुसतं पाणी असतं.

चित्रकाराला विचारा, "तुम्ही तिथे बसला होतात तेव्हा कुठल्या दगडाकडे सारखं लक्ष जात होतं?" तो बोट दाखवेल. मग बाकीचे दगड कागदाच्या तुकड्यांनी एकेक करून झाका आणि दोघे मिळून बघा. पाच झाकल्यावर चित्र अचानक श्वास घेऊ लागलं, तर पुढच्या रविवारी त्याच जागी जाऊन तो एकच दगड आणि त्याच्याभोवतीचं पाणी काढायला सांगा, अर्ध्या तासात, मोठ्या ब्रशने.